प्रवासातील कॉफी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रवासात चांगली कॉफी कशी करावी, याविषयी विदर्भातील वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतून निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. आपल्याकडे रस्त्यावर चहा कुठेही मिळतो आणि बहुतेक ठिकाणी तो चांगलाच मिळतो. कॉफी मागितली तर मात्र दुधात एक पुडी फोडून ती उकळून दिली जाते, म्हणून ज्याला कॉफीची खरी आवड आहे त्याला आपले सामान आपणच बाळगावे लागते. बहुतेकांनी भांडी आणि यंत्रे यांविषयी विचारले आहे. पाण्याविषयी फार थोड्यांनी. माझ्या मते क्रम उलटा हवा, आणि म्हणून पाण्याच्या प्रश्नाला पहिली व सर्वांत जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : पीक पाहणीच्या कामासाठी मी दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, तेल्हारा या भागांत गावोगाव फिरतो. अकोल्याला घरी जी कॉफी उत्तम होते, तीच पूड, तेच माप आणि तोच फिल्टर घेऊन खेड्यात केली की कधी मचूळ लागते, कधी अगदीच बेचव. पूड प्रवासात बिघडते का?

पूड बिघडलेली नाही, पाणी बदललेले आहे. दुधाशिवाय केलेल्या कॉफीच्या कपात ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे पाण्याचा दोष कितीही महागड्या पुडीने झाकला जात नाही. आपण ज्या भागात फिरता तो पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणीच खारट आहे, आणि तेथील शेतकऱ्याला ओलितासाठी व पिण्यासाठी त्याचा जो त्रास होतो त्यापुढे कॉफीची तक्रार अगदी लहान आहे. पण कारण तेच आहे.

या पाण्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्या कॉफीचे वेगवेगळे नुकसान करतात. पहिली म्हणजे साधे मीठ. ते फार थोडे असेल तर कडवटपणा उलट सौम्य वाटतो, पण प्रमाण वाढले की आपण म्हणता तसा मचूळपणा येतो. दुसरी गोष्ट जिभेला सहज ओळखता येत नाही : पाण्यातील बायकार्बोनेट क्षार. चांगल्या कॉफीत जो ताजा, किंचित आंबट असा गुण असतो, तो तिच्यातील आम्लांमुळे येतो, आणि हे क्षार नेमकी तीच आम्ले मारून टाकतात. मग कॉफी बोथट लागते. अशा वेळी आपण साहजिकच पूड वाढवतो. त्याने कडवटपणा वाढतो, पण हरवलेली चव परत येत नाही.

पाणी उकळले की सगळे ठीक होईल, अशी समजूत अनेकांची आहे. उकळल्याने जंतू मरतात, आणि त्यासाठी ते उकळावेच. पण मीठ उकळून जात नाही, वाफ निघून गेल्यामुळे ते थोडे दाटच होते. खारपाणपट्ट्याबाहेर, काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी जेथे कठीण आहे पण खारट नाही, तेथे मात्र उकळण्याचा उपयोग होतो. असे पाणी रोज तापवणाऱ्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, तळाशी पांढरा, खरखरीत थर बसलेला आपण पाहिला असेल. तो थर म्हणजे पाण्यातून खाली बसलेला कॅल्शियम कार्बोनेट होय. हे पाणी पाच-सात मिनिटे चांगले उकळू द्यावे, दहा मिनिटे अजिबात न हलवता ठेवावे, वरचे निवळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे आणि पुन्हा तापवून वापरावे. एवढ्याने त्याच पुडीची कॉफी स्पष्टपणे सुधारते. इंधन थोडे जास्त लागते हे खरे, पण जेथे चूल पेटलेलीच आहे तेथे ते जाणवत नाही.

खारट गावात मग काय करावे? सर्वांत सोपे म्हणजे घरून पाणी न्यावे. दोन कपांना अर्धा लिटर लागते. दोन लिटरची बाटली गाडीवर सहज मावते आणि तेवढ्यात दिवसभराची कॉफी होते. धरणावरून आलेले नळयोजनेचे पाणी ज्या गावांत आहे तेथे तेच मागून घ्यावे, हापशीचे घेऊ नये.

आता खेडोपाडी पोहोचलेल्या आरओच्या जारविषयी. पिण्यासाठी ते सोयीचे आहे, पण कॉफीसाठी ते दुसऱ्या टोकाला जाते. कॉफीतील स्वादद्रव्ये पाण्यात नीट उतरण्यासाठी पाण्यात थोडे खनिज असावे लागते. एका लिटरमध्ये विरघळलेले घन पदार्थ १५० मिलिग्रॅमच्या आसपास असलेले पाणी कॉफीला उत्तम मानले जाते, आणि ७५ ते २५० पर्यंतचे चालते. जारच्या पाण्यात हा आकडा कित्येकदा ५० च्याही खाली असतो, म्हणून त्याची कॉफी पातळ आणि टोचरी लागते. उपाय सोपा आहे : जारचे तीन भाग पाणी आणि गावातील गोड्या विहिरीचे एक भाग पाणी एकत्र करून उकळावे. ज्या विहिरीचे पाणी गावकरी स्वतः पितात तीच निवडावी. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराईड जास्त आहे आणि तेही उकळून जात नाही. अशा गावांत मिसळण्याच्या भानगडीत न पडता जारचेच पाणी वापरावे आणि पूड किंचित वाढवावी. पाण्यातील क्षार मोजणारा टीडीएस मीटर खिशात मावतो आणि फार महाग नसतो. आपले काम गावोगावचे असल्यामुळे आपण तो अवश्य घ्यावा. कोणत्या गावात काय करावे याची नोंद आपोआप तयार होईल.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. निवडणुकीच्या कामासाठी आदल्या दिवशीच मतदान केंद्रावर मुक्कामी जावे लागते. बरोबर साहित्य असते, बसमध्ये गर्दी असते, काचेचे काही नेता येत नाही. केंद्रावर गॅस नसतो आणि विजेचा भरवसा नसतो. पहाटे मॉक पोलच्या, म्हणजे चाचणी मतदानाच्या, आधी मला आणि माझ्या सहकारी बाईंना एक-एक कप बरी कॉफी हवी असते. कमीत कमी सामान कोणते?

ताई, आपल्याला एकही यंत्र लागणार नाही. कॉफी काढणे म्हणजे गरम पाण्यात पूड ठराविक वेळ भिजवणे आणि मग गाळणे, एवढेच आहे. बाकी सगळी साधने हीच दोन कामे सोयीने व्हावीत यासाठी आहेत. कागदातून कॉफी गाळण्याची कल्पनासुद्धा घरगुती सामानातून निघाली. १९०८ साली जर्मनीतील मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीने पितळी भांड्याला भोके पाडली, त्यात आपल्या मुलाच्या वहीतील टिपकागद ठेवला आणि त्यावर पूड घालून कॉफी गाळली. पुढे त्याचाच मोठा व्यवसाय झाला.

घरी निघण्यापूर्वी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर १५-१५ ग्रॅम पूड तोलून लहान पुड्या बांधाव्यात. ही पूड जाड रव्याइतकी जाडसर असावी. बाजारातील फिल्टर कॉफीची पूड फारच बारीक असते. ती भिजवण्याच्या पद्धतीत गाळणीतून खाली उतरते आणि कपाच्या तळाशी चिखल साचतो. दुकानदाराकडे दळून देण्याची सोय असेल तर जाडसर दळून मागावी, नसेल तर बिया आणून मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवाव्यात. मिक्सरमध्ये सगळे कण सारखे होत नाहीत, म्हणून पिठाच्या चाळणीने अगदी बारीक भुकटी काढून टाकावी. पुड्यांबरोबर दोन उंच स्टीलचे पेले, एक झाकणी, एक चमचा आणि सुती मलमलचा हातभर तुकडा घ्यावा. नवा कपडा आधी दोनदा उकळून घेतलेला असावा, कारण त्याच्या खळीचा वास कॉफीत उतरतो.

गरम पाण्यासाठी थर्मास न्यावा, पण त्यात घरून पाणी भरून नेले तर पहाटेपर्यंत ते कॉफीच्या उपयोगाचे राहणार नाही. चांगल्या थर्मासमध्ये उकळते पाणी चार-पाच तास पुरेसे गरम राहते, पूर्ण रात्र नाही. रात्रीच्या जेवणाची व्यवस्था ज्यांच्याकडे असेल, त्यांनाच पहाटे पाणी उकळून देण्याची विनंती करावी. आपल्या खेड्यांत शाळेच्या बाईंना कोणी नाही म्हणत नाही. थर्मासमध्ये भरण्यापूर्वी तो थोड्या गरम पाण्याने खंगाळून ते पाणी ओतून द्यावे, नाहीतर थर्मासची भिंतच पहिली उष्णता खाऊन टाकते.

पेल्यात एक पुडी घालावी आणि पूड भिजेल एवढेच, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे, पाणी प्रथम ओतावे. पूड ताजी असेल तर लगेच ती फुगते, वर बुडबुडे येऊन फुटतात आणि वास एकदम मोकळा होतो; भाजताना बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडत असल्याचे ते लक्षण आहे. काहीच हालचाल झाली नाही तर पूड शिळी आहे असे समजावे. अर्धा मिनिट थांबून उरलेले पाणी घालावे. एका पुडीला एकूण २५० मिलिलिटर पाणी होईल असा पेल्याचा अंदाज घरीच घेऊन ठेवावा. एकदा ढवळावे, झाकणी ठेवावी आणि चार मिनिटे घड्याळ लावून थांबावे. नंतर वर तरंगणारा फेस चमच्याने काढून टाकावा आणि दुसऱ्या पेल्यावर मलमल धरून कॉफी गाळून घ्यावी. कपडा पिळू नये. पिळले की तळाचा कडू गाळ कपात येतो आणि चार मिनिटे थांबून साधलेले वाया जाते.

कपड्याचा हा खटाटोप नको असेल तर कपाच्या कडेवर अडकवायच्या कागदी पिशव्या मिळतात. त्यांत मापून भरलेली पूड असते, वरून हळूहळू गरम पाणी ओतायचे आणि पिशवी टाकून द्यायची. एका कपाचा खर्च बराच जास्त पडतो, पण निवडणुकीच्या रात्रीपुरता तो करावा असे मी म्हणेन. साधन घ्यायचेच असेल तर एरोप्रेस, म्हणजे दट्ट्याने दाबून कॉफी गाळण्याची नळी, घ्यावा. २००५ साली अमेरिकेतील अॅलन अॅडलर यांनी तो बाजारात आणला. तो प्लॅस्टिकचा आहे, पडून फुटत नाही आणि अर्ध्या पेल्यात धुतला जातो. काचेचा फ्रेंच प्रेस एसटीच्या प्रवासाला चालणार नाही.

प्रश्न : यवतमाळहून आम्ही नेहमी गाडीने मुलाकडे जातो. घरून दुधाची फिल्टर कॉफी करून थर्मास भरून नेते. दोन-तीन तासांनी तिला कसलातरी वास येतो आणि चव उतरते. पूर्वी आमच्याकडे जायफळ घालत असत, त्याने फरक पडेल का?

काकू, जायफळाने वास झाकला जाईल, पण मूळ कारण तसेच राहील, आणि ते चवीपुरते नाही. गरम थर्मासमधले दूध हळूहळू कोमट होत जाते, आणि त्या कोमट अवस्थेत तासन् तास राहिलेल्या दुधात जंतू झपाट्याने वाढतात. उन्हाळ्यात तर दुधाची कॉफी थर्मासमध्ये मुळीच नेऊ नये. कॉफीही सतत गरम राहिली की तिच्यातील आम्लांचे विघटन होऊन कडवट-आंबट चव येते. म्हणजे बिघाड दोन्ही बाजूंनी होतो.

आपल्याकडे स्टीलचा फिल्टर आहेच, तेव्हा घरी डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा घट्ट अर्क, नेहमीप्रमाणे काढावे, ते थंड करून घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत न्यावे आणि त्याच दिवशी संपवावे. थर्मासमध्ये नुसते उकळते पाणी भरावे. दूध वाटेत ताजे घ्यावे. आपल्या भागातील खेड्यात म्हशीचे निरसे दूध कोणत्याही हॉटेलात मिळते. ते उकळून मागावे आणि डिकॉक्शन त्यात वरून घालावे. हॉटेलवाल्याने दुधाबरोबर डिकॉक्शन उकळू नये एवढे मात्र उभे राहून पाहावे. दूध मिळण्याची खात्री नसेल तेथे दुधाची भुकटी बरोबर असावी. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त असल्यामुळे कॉफीची चव दबते, म्हणून डिकॉक्शन एरवीपेक्षा थोडे घट्ट हवे.

पूड घेताना पाकिटावरील चिकोरीचे प्रमाण पाहावे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापलेले असले पाहिजे. चिकोरी ही भाजलेली मुळी आहे. तिच्यामुळे रंग गडद होतो आणि दुधात टिकणारा दाटपणा येतो, पण कॉफीचा सुगंध तिच्यात नाही. दुधाच्या कॉफीसाठी ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी हे प्रमाण मला सर्वांत योग्य वाटते. रंग गडद दिसतो म्हणून ४९ टक्के चिकोरीचे पाकीट घेणे म्हणजे आपल्या आवडीवर अन्याय करणे आहे.

जायफळ जरूर घालावे. मराठी घरांतील ही पद्धत फार चांगली आहे आणि ती मागे पडू नये असे मला मनापासून वाटते. फक्त त्याची पूड डब्यात भरून नेऊ नये, तिचा वास चार दिवसांत उडतो. अख्खे जायफळ आणि लहान किसणी बरोबर ठेवावी, आणि कप भरल्यावर अगदी चिमूटभर, किसणीवर दोन-तीनदा घासून निघेल एवढेच, वरून किसावे.

प्रश्न : गोंदियाहून पुण्याला रेल्वेने जाताना डब्यातील चार्जिंगच्या प्लगवर इलेक्ट्रिक किटली चालेल का?

नाही. ते प्लग मोबाईल आणि लॅपटॉपसाठी आहेत. त्यांवर किटली लावण्यास रेल्वेची मनाई आहे आणि त्याबद्दल कारवाई होऊ शकते. गॅसची लहान शेगडी डब्यात नेणे हा तर त्याहून गंभीर गुन्हा आहे. पँट्रीतून किंवा स्टेशनवरच्या स्टॉलवरून गरम पाणी थर्मासमध्ये घ्यावे आणि कागदी पिशवीची कॉफी करावी.

मोटारीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणाऱ्या किटल्यांविषयीही दोघांनी विचारले आहे. त्या चालतात, पण त्यांची शक्ती १२० ते १५० वॅटच असते, म्हणून अर्धा लिटर पाण्याला वीस-पंचवीस मिनिटे, कधी त्याहून जास्त लागतात; इंजिन बंद ठेवून वापरल्यास बॅटरी उतरते. घरची १५०० वॅटची किटली खेड्यातील पाहुणचारात इन्व्हर्टरवर लावू नये. वीज गेलेली असताना यजमानांचा इन्व्हर्टरही बंद पडला तर सगळे घर अंधारात बसेल.

प्रश्न : मी औषध कंपनीचा प्रतिनिधी असून दुचाकीवर फिरतो. थांबून कॉफी गाळण्याइतका वेळ नसतो. इन्स्टंट कॉफी पिणे अगदीच कमी दर्जाचे आहे का?

मुळीच नाही. इन्स्टंट कॉफीसुद्धा बियांपासूनच काढलेली असते; काढलेला अर्क वाळवून त्याची भुकटी किंवा दाणे करतात. वाळवताना सुगंधाचा बराच भाग जातो, हे तिचे उणेपण आहे. पण खराब पाण्यात घाईने केलेल्या ताज्या कॉफीपेक्षा नीट केलेली इन्स्टंट पुष्कळ चांगली लागते.

पाकिटावर चिकोरी मिसळलेली आहे का ते पाहावे आणि नसलेली घ्यावी. उकळत्या पाण्यात ती थेट टाकू नये. आधी दोन चमचे साध्या पाण्यात ती पूर्ण विरघळवून घ्यावी आणि मग गरम पाणी ओतावे, म्हणजे भाजका, करपट वास कमी येतो. पावसाळ्यात बरणी बरोबर बाळगू नये. ही भुकटी हवेतील ओल लगेच शोषून घेते आणि तिचा गोळा होतो. एका कपाच्या बंद पुड्याच न्याव्यात. साखर घालून फेटलेली कॉफी आवडत असेल तर ती घरी फेटून लहान डबीत नेता येते. साखरेमुळे ती दिवसभर टिकते आणि चमचाभर घेऊन गरम दूध ओतले की झाले.

प्रश्न : चिखलदऱ्याला गेलो असताना तेथे केलेली कॉफी घरच्यापेक्षा चांगली लागली. पूड आमचीच होती. हवेमुळे असे वाटले असेल का?

थंड हवेत गरम पेय अधिक चांगले लागतेच, पण आणखी एक कारण आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळते; साधारण ३०० मीटरला एक अंश असा हिशेब धरला तर तेथे पाणी ९६ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते, अकोल्याला ते ९९ अंशांना उकळते. कॉफी काढण्यासाठी ९२ ते ९६ अंशांचे पाणी सर्वांत चांगले, त्यामुळे चिखलदऱ्यात उकळी फुटताच ओतलेले पाणी नेमके योग्य तापमानाचे असते. खाली पठारावर आपण उकळते पाणी तसेच ओतत असाल तर गडद भाजलेल्या पुडीतून जास्तीचा कडवटपणा उतरत असेल. भांडे खाली उतरवून एक-दीड मिनिट थांबावे, मग ओतावे.

मेळघाटातील पाणीही खारपाणपट्ट्यातील नाही, हे वेगळे सांगायला नको. आणि महाराष्ट्रात कॉफी पिकणारे ठिकाण म्हणून चिखलदऱ्याचेच नाव घेतले जाते. तेथील पूड मिळाली तर अवश्य आणावी, मात्र भाजल्याची तारीख विचारून. जंगलात कुठेही गाडी थांबवून कॉफीसाठी स्टोव्ह पेटवू नये. सागाच्या वाळलेल्या पानांवर पडलेली एक ठिणगी वणव्याला पुरते. मुक्कामाच्या विश्रामगृहात किंवा गावातच पाणी तापवून थर्मासमध्ये न्यावे.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये ब्रह्मपुरी, चंद्रपूर भागात लग्नांच्या निमित्ताने सारखे जाणे होते. पारा ४५ अंशांवर असतो. गाडीत ठेवलेली कॉफीची पूड आठवड्यात निर्जीव होते, आणि त्या उन्हात गरम कॉफी पिववतही नाही.

उष्णता, हवा, ओल आणि प्रकाश हे कॉफीचे चार शत्रू आहेत, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत यांतील तीन एकत्र येतात. बंद गाडीतील तापमान बाहेरच्याहून कितीतरी चढते. पूड गाडीत ठेवूच नये. माणसाबरोबर घरात न्यावी आणि कपड्यांच्या पिशवीत मध्यभागी ठेवावी. शक्यतो पूड नेण्याऐवजी बिया न्याव्यात. दळलेल्या पुडीचा सुगंध काही दिवसांत जातो, बियांचा तीन-चार आठवडे टिकतो. हाताने फिरवायची लहान चक्की मिळते आणि एका कपापुरत्या बिया दळायला दोन-तीन मिनिटे लागतात. डबा लहान आणि गच्च भरलेला असावा. अर्ध्या रिकाम्या डब्यात उरलेली हवा आपले काम करीतच राहते. फ्रिजमध्ये ठेवणे-काढणे टाळावे, कारण थंड पुडीवर बाहेरची वाफ जमून ती ओलसर होते.

गरम कॉफी नको असेल तर रात्री थंड पाण्यात कॉफी भिजत घालावी. जाडसर पूड ६० ग्रॅम आणि पाणी अर्धा लिटर. हे पाणी उकळून गार केलेलेच हवे, कारण या पद्धतीत जंतू मारणारी उष्णता कुठेच नाही. स्वच्छ स्टीलच्या बाटलीत दोन्ही एकत्र करून हलवावे आणि फ्रिज असेल तर फ्रिजमध्ये बारा तास ठेवावे. लग्नघरी फ्रिजमध्ये जागा मिळत नाही, हे मी जाणतो. तेव्हा बाटलीला ओले सुती फडके गुंडाळून ती माठाशेजारी, वारा लागेल अशा सावलीत ठेवावी आणि फडके वाळू देऊ नये. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे पाण्याची वाफ झपाट्याने होते आणि बाटली चांगली गार होते. जुन्या जीपगाड्यांना पुढे टांगलेल्या छागलीत, म्हणजे जाड कापडी पिशवीत, पाणी थंड राहत असे ते याच तत्त्वावर. अशा रीतीने ठेवलेली कॉफी आठ तासांत तयार होते. सकाळी मलमलमधून दोनदा गाळावी आणि दुपारपर्यंत संपवावी, त्यानंतर ठेवू नये. हा अर्क घट्ट असतो. पिताना तेवढेच माठातील पाणी घालावे. कडवटपणा आणि आंबटपणा दोन्ही कमी असल्यामुळे साखर न घेणाऱ्यांनाही ती आवडते. कॉफी प्यायली म्हणून पाणी पिणे मात्र कमी करू नये; उन्हात तहान भागवण्याचे काम पाण्याचे आणि ताकाचे आहे.

प्रश्न : वरूडहून संत्र्याचा माल घेऊन रात्री समृद्धी महामार्गाने मुंबईकडे जातो. झोप येऊ नये म्हणून थर्मासभर कडक कॉफी पितो. पहाटे तरीही डोळे मिटतात. आणखी कडक करू का?

भाऊ, आणखी कडक करू नका. कॉफीतील कॅफिन झोपेची जाणीव काही काळ दाबते. झोपेची गरज भागवत नाही. नागपूर ते मुंबई हा महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, रस्ता सरळ आणि एकसारखा आहे, आणि अशा रस्त्यावर पहाटे डुलकी लागण्याचा धोका अधिक असतो. एकदा डोळे मिटू लागले की कॉफीवर विसंबू नये.

उपयोग करायचाच तर असा करावा. प्यायल्यानंतर कॅफिनचा परिणाम जाणवायला वीस-तीस मिनिटे लागतात. तेव्हा महामार्गावरील थांब्यावर गाडी सुरक्षित उभी करावी, एक कप कॉफी प्यावी आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे झोप घ्यावी, गजर लावावा. उठल्यावर झोपेचा आणि कॉफीचा असा दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. तरीही जांभया येत राहिल्या, मागचे काही किलोमीटर आठवेनासे झाले, तर दोन तास पाय पसरून झोपावे. माल उशिरा पोहोचला तर भाव पडेल ही चिंता मला कळते, पण आपण घरी पोहोचणे त्याहून मोठे आहे.

१५ ग्रॅम पुडीच्या एका कपात साधारण दीडशे मिलिग्रॅम कॅफिन उतरते, आणि निरोगी प्रौढ माणसाने दिवसभरात ४०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. रोबस्टा जातीच्या बियांत अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असते, म्हणून स्वस्त कडक पूड वापरत असाल तर रात्रीत एका कपाच्या पुढे जाऊ नये. शरीरातील निम्मे कॅफिन बाहेर पडायला पाच-सहा तास लागतात. पहाटेचा शेवटचा कप आपली सकाळची झोप मोडतो आणि पुढच्या रात्री पुन्हा तीच अडचण उभी राहते.

प्रश्न : पाणी कमी असते अशा गावात कॉफीची भांडी कशी धुवावीत?

गाळ ओला असताना भांड्यात राहू देऊ नये. चमच्याने तो कागदावर काढावा आणि झाडाच्या बुंध्याशी मातीत मिसळून टाकावा, मोरीत ओतू नये, कारण तो नळीत घट्ट बसतो. भांडे कागदाने कोरडे पुसून मग अर्धा पेला गरम पाण्याने खंगाळावे. गाळण्याच्या कपड्याला साबण लावू नये, त्याचा वास पुढच्या कपात येतो. तो नुसत्या पाण्यातून काढून उन्हात कडक वाळवावा आणि घरी आल्यावर एकदा उकळून घ्यावा. ओला कपडा डबीत बंद केला तर दुसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येतो आणि मग तो फेकावाच लागतो. थर्मासच्या झाकणातील रबराची कडी आठवड्यातून एकदा काढून धुवावी. जुन्या कॉफीचा तेलकटपणा तेथेच साठून राहतो.